शालेय नेमबाजी : छऱ्याचा वेग किती असावा?

नेमबाजीच्या खेळाने गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात चांगले मूळ धरले आहे. मुंबईच्या अंजली भागवत या २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००४ साली अथेन्स येथे सुमा शिरूर यांनी त्याच प्रकारात अंतिम फेरी गाठली. २०२२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने याच प्रकाराचे सुवर्णपदक मिळविले. तत्पूर्वी २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी भारताला मिळवून दिलेले पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदकही दहा मीटर एअर रायफलचेच होते. साहजिकच शाळेच्या एखाद्या लांबट खोलीत किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात दहा मीटरांची नेमबाजी सुरू करावी, असा विचार अनेक ठिकाणी बोलून दाखविला जातो. हा विचार स्वागतार्ह आहे. मात्र बंदूक खरेदी करताना पुष्कळदा एकच प्रश्न विचारला जातो : 'हिचा मारा किती जोरदार आहे?' खरे पाहता दहा मीटरांच्या खेळासाठी हा प्रश्नच उलटा आहे. छऱ्याचा वेग कमी आणि प्रत्येक वेळी सारखा कसा राहील, हे तेथे पाहावयाचे असते. प्रस्तुत लेखात या विषयाची माहिती देण्याचे योजिले आहे.

वेग आणि ऊर्जा यांचे गणित

गतिज ऊर्जा ही वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते, हे सूत्र माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना परिचित आहे. स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या ४.५ मिलिमीटर व्यासाच्या छऱ्याचे वजन साधारणपणे ०.५३ ग्रॅम, म्हणजे ०.०००५३ किलोग्रॅम असते. तो सेकंदाला १७० मीटर वेगाने नळीबाहेर पडला, तर त्याची ऊर्जा सुमारे ७.७ ज्यूल भरते. तोच छरा सेकंदाला २४० मीटर वेगाने निघाला, तर ऊर्जा सुमारे १५.३ ज्यूल होते. वेगात वाढ झाली ती ४१ टक्के; ऊर्जा मात्र जवळजवळ दुप्पट झाली. विज्ञानशिक्षकांना हे उदाहरण वर्गातही उपयोगी पडेल.

या गणिताला कायद्याचीही बाजू आहे. भारतात शस्त्र नियम, २०१६ अन्वये २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा असलेली अथवा ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची हवेची बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. ०.५३ ग्रॅमचा छरा २० ज्यूलची सीमा गाठतो तो सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाला. ब्रिटनमध्ये हीच सीमा रायफलसाठी १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल आहे. जर्मनीत ७.५ ज्यूलपर्यंतच्या बंदुकांवर पंचकोनातील 'एफ' हे अक्षर कोरलेले असते आणि प्रौढ व्यक्तीला त्या शस्त्रपरवान्याविना विकत घेता येतात. स्पर्धेच्या अनेक नामांकित रायफली जर्मनीत तयार होतात व त्यांचा छरा सेकंदाला १७० मीटरांच्या आसपासच निघतो, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ऑलिंपिकमधील पदकविजेता जेवढ्या जोरावर खेळतो, त्याच्या दुप्पट जोराची बंदूक शाळेतील मुलाच्या हाती देण्याचे काहीच कारण नाही.

कमी वेग कशासाठी?

दहा मीटरांच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. पुढील प्रत्येक वर्तुळ आधीच्या वर्तुळापासून अडीच मिलिमीटर बाहेर आखलेले असते. एवढ्या सूक्ष्म लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला कागदात स्वच्छ भोक पडण्यापुरता जोर पुरतो. म्हणून तर या छऱ्याचे तोंड सपाट ठेवलेले असते. अधिक जोर मिळवावयाचा तर स्प्रिंग अधिक ताठ लागते, बंदूक अधिक हादरते, तिला भरताना लहान मुलांचे हात थकतात आणि चाप ओढण्याच्या क्षणी अंग चोरण्याची सवय लागते. ही सवय एकदा जडली की ती मोडण्यास शिक्षकाला फार कष्ट पडतात.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कमी वेगाची बंदूक म्हणजे निरुपद्रवी खेळणे नव्हे. सेकंदाला १७० मीटर वेगाचा छरा कातडीत शिरू शकतो आणि डोळा कायमचा निकामी करू शकतो. कमी वेगाने धोका आटोपशीर होतो, नाहीसा होत नाही. कठीण लाकडावर किंवा सरळ उभ्या लोखंडी पत्र्यावर आपटलेला छरा उलट उसळून येतो, आणि वेग कमी असला तरी ही उसळी टळत नाही. म्हणून लक्ष्यामागे छरा खाली वळविणारा तिरपा पोलादी पत्रा बसविलेली पेटी असलीच पाहिजे.

वेग कमी करण्याच्या रीती

हवेच्या बंदुका मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. प्रत्येकीत वेग कमी करण्याची रीत वेगळी आहे.

पहिला प्रकार स्प्रिंगचा. नळी मोडून किंवा बाजूची दांडी ओढून स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच ती दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या समोरची हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला बाहेर काढते. जत्रेत फुगे फोडण्यासाठी ठेवलेल्या बंदुका याच जातीच्या. हिचा वेग कमी करावयाचा तर उत्पादकाने त्याच नमुन्यासाठी तयार केलेली कमी ताकदीची स्प्रिंग बसविणे हा राजमार्ग होय. स्प्रिंगला आगाऊ ताण देण्यासाठी काही बंदुकांत चकत्या घातलेल्या असतात. त्या काढल्यानेही वेग काही अंशी उतरतो. स्प्रिंगचे वेढे कापून टाकण्याची युक्ती मात्र टाळावी. कापलेले टोक सपाट बसत नाही, स्प्रिंग वाकून घासते आणि प्रत्येक नेमाला वेगळा वेग मिळतो. दट्ट्याचा वॉशर झिजू देऊन वेग उतरविणे हा तर निव्वळ हलगर्जीपणा. हवेची गादी नाहीशी झाल्याने दट्ट्या नळकांड्याच्या तोंडावर आपटतो आणि बंदूक लवकर खराब होते. छरा न घालता चाप ओढल्यानेही हीच हानी होते.

तेलाविषयीही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. दट्ट्यापुढील पोकळीत तेल अधिक झाले, तर दाबल्या गेलेल्या तप्त हवेत ते पेटते. डिझेल इंजिनात घडते तसाच हा प्रकार. असे झाले की मोठा आवाज होतो, धूर निघतो आणि वेग एकाएकी वाढतो. काळजीपूर्वक उतरविलेला वेग अशा एका थेंबाने बिघडू शकतो.

दुसऱ्या प्रकारात दांडीच्या एकाच ओढीत ठरावीक हवा दाबून साठविली जाते. साठणारी हवा दर वेळी सारखीच असल्याने वेगही मुळातच मर्यादित आणि एकसारखा राहतो. हिच्यात फेरफार करण्याची सहसा गरज पडत नाही. झडपेचे व दट्ट्याचे वॉशर वेळेवर बदलले म्हणजे पुरते. नवशिक्यांच्या वर्गासाठी ही सोयीची होय.

तिसरा प्रकार आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतो. सिलिंडरमधील दाब २०० बारपर्यंत असतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, यावरून त्याची कल्पना यावी. रेग्युलेटर हा दाब उतरवून एका ठरावीक पातळीवर आणतो. चाप ओढल्यावर एक छोटी हातोडी झडपेवर आदळते, झडप क्षणभर उघडते आणि मोजकी हवा नळीत येते. हातोडीच्या स्प्रिंगचा ताण सैल केला की झडप कमी वेळ उघडते आणि वेग उतरतो. या कामासाठी पुष्कळ रायफलींत एक स्क्रू असतो. तो एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नये आणि प्रत्येक वेळी वेग मोजावा. वेग बराच उतरवावयाचा असेल, तर केवळ हातोडीचा ताण सैल करीत जाणे योग्य नाही. फार दुबळ्या आघाताने झडप कधी पुरी उघडते, कधी अर्धवट. अशा वेळी रेग्युलेटरचा दाब आणि हातोडीचा ताण ही दोन्ही एकमेकांना जुळतील अशा बेताने कमी करावी लागतात. हे काम हवा पूर्ण सोडून देऊन जाणकार कारागिरानेच करावयाचे. सिलिंडरवर उत्पादकाने वापराची मुदत छापलेली असते. ती उलटल्यावर सिलिंडर बाहेरून कितीही चांगला दिसला, तरी वापरू नये.

शिक्षकांनी किंवा विद्यार्थ्यांनी बंदूक स्वतः उघडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटल्यास सुटे भाग वेगाने उडतात. आपले काम वेग मोजण्याचे, नोंद ठेवण्याचे आणि काय हवे ते कारागिराला नेमके सांगण्याचे आहे.

खरी कसोटी समानतेची

वेग कमी करणे त्या मानाने सोपे. तो सारखा ठेवणे अवघड. याचे कारण पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल. नळीतून बाहेर पडताच छरा गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागतो. हवेचा अडथळा सोडून दिला, तर दहा मीटरांत सेकंदाला २४० मीटर वेगाचा छरा सुमारे ८.५ मिलिमीटर खाली येतो आणि १७० मीटर वेगाचा सुमारे १७ मिलिमीटर. म्हणून वेग उतरविल्यावर बंदुकीची माशी नव्याने जुळवून घ्यावी लागते. एकदा ती जुळविली की हा फरक उरत नाही.

परंतु दर नेमाला वेग बदलत असेल, तर माशी कितीही जुळविली तरी उपयोग नाही. समजा, दोन बंदुकांची सरासरी सेकंदाला १७० मीटर आहे. पहिलीचे दहा वेग १६८ ते १७१ या दरम्यान आहेत, दुसरीचे १५८ ते १८२ या दरम्यान. पहिलीच्या सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान छऱ्यांत लक्ष्यावर सुमारे ०.६ मिलिमीटरचे अंतर पडेल. दुसरीच्या बाबतीत ते जवळजवळ ५ मिलिमीटर होईल, म्हणजे दोन वर्तुळांइतके. अशा बंदुकीने सराव करणारी मुलगी अचूक नेम धरूनही गुण गमावील आणि दोष आपलाच आहे असे समजून आपला चांगला पवित्रा बदलू लागेल. उपकरणाचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारला जाणे, ही शिक्षणातील गंभीर गोष्ट आहे. ग्रामीण भागातील होतकरू खेळाडूचा उत्साह अशा अकारण अपयशाने मावळू देता कामा नये.

वेग मोजण्यासाठी क्रोनोग्राफ नावाचे यंत्र मिळते. छरा दोन प्रकाशसंवेदकांवरून जातो आणि त्यास लागलेल्या वेळावरून यंत्र वेग दाखविते. प्रत्येक शाळेने ते घेण्याचे कारण नाही. तालुक्यातील काही शाळांना मिळून एक यंत्र पुरेल. एकाच डबीतील दहा छरे मारून सर्वांत जास्त, सर्वांत कमी आणि सरासरी असे तीन आकडे तारखेसह वहीत लिहावेत. दर महिन्याला ही तपासणी केल्यास स्प्रिंग सैल पडणे, वॉशर झिजणे किंवा तेल साचणे हे दोष आकड्यांतून आधीच लक्षात येतात.

वेग कमी असल्याने छरा नळीत किंचित अधिक काळ राहतो. तेवढ्या वेळात बंदूक हलली, तर नेम चुकतो. म्हणून चाप ओढल्यावरही क्षणभर पवित्रा तसाच ठेवण्याचे वळण मुलांना पहिल्या दिवसापासून लावावे. मंद छरा हा या दृष्टीने कडक पण चांगला शिक्षक होय.

संस्थांनी घ्यावयाची दक्षता

बंदूक खरेदी करताना तिची ऊर्जा ज्यूलमध्ये किती आहे, हे लेखी मागून घ्यावे व परवान्याबाबत शंका असल्यास पोलीस ठाण्यात आधी विचारणा करावी. नेमबाजीच्या जागेला एकच प्रवेशद्वार असावे आणि ते नेमबाजांच्या मागील बाजूस असावे. सर्वांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. छरे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुतल्याविना काही खाऊ नये. बंदूक आणि छरे वेगवेगळ्या कपाटांत कुलूपबंद ठेवावेत व त्यांची जबाबदारी एका शिक्षकाकडे नावानिशी सोपवावी. बंदूक सभागृहाबाहेर नेऊन पाखरांवर नेम धरणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो, हेही विद्यार्थ्यांना समजावून सांगावे.

या साऱ्या व्यवस्थेला फार मोठा खर्च येतो असे नाही; नियमितपणा मात्र लागतो. पंचायत सदस्यांनी खरेदीच्या ठरावातच ऊर्जेची मर्यादा, छरा अडविणारी पेटी, चष्मे आणि वेगाची नोंदवही यांचा स्पष्ट उल्लेख केला, तर पुढील पुष्कळ अडचणी टळतील आणि गावातील मुलामुलींना हा खेळ निर्धास्तपणे शिकता येईल.