स्क्रीन आपली, मांडणी कोणाची?

'विंडोज भारी की लिनक्स' हा वाद हॉस्टेलमध्ये मेसच्या जेवणावरच्या वादाइतकाच जुना आणि तितकाच न संपणारा. त्यात एखादा मॅकवाला असला तर तो नुसता गालात हसतो. पण हा वाद बहुतेक वेळा वॉलपेपर आणि आयकॉनपाशीच अडकतो. खरे प्रश्न दोन आहेत: एखादं बटण जिथे आहे तिथेच का आहे? आणि ते आपल्याला हलवता येतं का?

पहिल्या प्रश्नासाठी चक्क एक सूत्र आहे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते १९५४ साली मांडलं. आजकाल वापरतात त्या रूपात ते असं: कर्सरपासून बटणापर्यंतच्या अंतराला बटणाच्या रुंदीने भागा, त्यात १ मिळवा आणि २ पायाचा लॉग घ्या. समजा, अंतर ६३० पिक्सेल आणि बटण १० पिक्सेल रुंद. उत्तर ६. तेच बटण ९० पिक्सेलचं केलं तर उत्तर ३. म्हणजे नेम धरण्याची अवघडता निम्मी झाली. (वेळ मात्र बरोबर निम्मा होत नाही, कारण त्याच्या समीकरणात एक स्थिर पदही असतं.)

आता गंमत बघा. माउस कितीही जोरात ढकला, कर्सर स्क्रीनच्या कडेला थांबतोच. म्हणजे कडेला चिकटलेलं बटण त्या दिशेने जणू अमर्याद रुंद! मॅकिंटॉश १९८४ साली आला तेव्हापासून त्याचा मेनू स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला आहे. विंडोजने मेनू प्रत्येक विंडोच्या आत ठेवला, म्हणजे तिथे हाताला ब्रेक लावावा लागतो. विंडोज ९५ चं स्टार्ट बटण कोपऱ्यात होतं खरं, पण कडेला बारीकशी पट्टी सुटली होती. अगदी कोपऱ्यात क्लिक केलं तर बटण दाबलंच जायचं नाही. सगळ्यात सोपी जागा हाताशी असून वाया! अर्थात मॅकवाल्यांनी फार खूश होऊ नये. मोठ्या मॉनिटरवर विंडो खाली उजवीकडे असली की तो मेनू गावाबाहेर राहिल्यासारखा वाटतो.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे डिझाइनपेक्षा रचना आडवी येते. मॅकमध्ये डॉक डावीकडे, खाली किंवा उजवीकडे ठेवता येतो, वर नाही. विंडोज ९५ पासून टास्कबार चारही कडांना नेता यायचा. २०२१ साली विंडोज ११ आली तेव्हा ती सोय काढून टाकलेली होती. लिनक्सची गोष्ट वेगळी, कारण तिथे घरच वेगवेगळ्या मजल्यांचं आहे. १९८४ साली एमआयटीमध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमने ठरवलं की आपण फक्त चित्र काढायची यंत्रणा द्यायची. विंडोची चौकट कशी असावी, बटणं कुठे असावीत, हे वरच्या मजल्यावरच्या विंडो मॅनेजरने बघावं. म्हणून वरचा मजला पाडून दुसरा बांधला तरी खालचं घर उभंच राहतं.

याचा फरक कुठे दिसला? २०११ साली ग्नोम ३ ने ओळखीचा डेस्कटॉप मोडीत काढला. लोक भडकले, खुद्द लिनस टॉरवाल्ड्स तेव्हा एक्सएफसीईवर गेला. काहींनी जुना ग्नोम २ चा कोड उचलून माटे बनवला, तर लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन. २०१२ साली विंडोज ८ ने स्टार्ट बटणच काढलं. तिथेही लोक भडकले, पण बाहेरचं एखादं सॉफ्टवेअर टाका नाहीतर वाट बघा, एवढंच हातात होतं. बटण परत आलं ते २०१३ मध्ये, ८.१ बरोबर.

अर्थात स्वातंत्र्य फुकट नाही. २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं आणि आतली पद्धत बदलल्यामुळे जुनी एक्स्टेन्शन्स पुन्हा दुरुस्त करावी लागली. सजवलेल्या घराची डागडुजी स्वतःच करायची असते.

आणि आपल्या लॅबचं काय? तिथे सगळ्यांना एकच लॉगिन. एकाने चष्म्याचा नंबर जास्त म्हणून अक्षरं मोठी केली की पुढच्या बॅचला प्रोग्रॅमची अर्धी ओळ दिसत नाही. तो ती लहान करतो आणि पहिल्याचे हाल. लिनक्सवर प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं तर सेटिंग ज्याच्या त्याच्या होम फोल्डरमध्ये राहतात. केडीईमध्ये तर त्या बहुतेक साध्या टेक्स्ट फाइल असतात, पेन ड्राइव्हवर सहज मावतील अशा. लॅबच्या सरांनी या टर्मला निदान एका रांगेतल्या मशीनवर हे करून बघावं. फायनल इयरची दोन-चार मुलं रविवारी बसून अकाउंट बनवून द्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.