मूत्रपिंडरोपण आणि रुग्णाचे मन

जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. रुग्ण रिचर्ड हेरिक व दाता रोनाल्ड हे जुळे बंधू होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डने भावास चिठ्ठी पाठवून घरी निघून जाण्यास सांगितले. आपण येथेच राहणार, असे रोनाल्डने उलट कळविले. पुढे १९९० मध्ये डॉ. मरे यांना नोबेल पारितोषिक लाभले. परंतु रुग्णाच्या मनाचा प्रश्न त्या चिठ्ठीतच मांडला गेला होता. आपण वाचावे म्हणून निरोगी माणसाने शस्त्रक्रियेस सामोरे जावे काय, ही ती व्यथा होय.

रोपणामुळे डायलिसिसची आठवड्यातील दोन-तीन दिवसांची बांधिलकी सुटते, पाणी मोजून पिणे संपते आणि बहुतेक रुग्णांचे मन उभारी धरते. तथापि फेडता न येणाऱ्या ऋणाची जाणीव काहींना आत कुरतडत राहते. रेने फॉक्स व ज्युडिथ स्वाझी या अमेरिकन विदुषींनी तिला ‘देणगीचा जुलूम’ म्हटले आहे. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या अधिक आहे. ज्याला आईने किंवा पत्नीने मूत्रपिंड दिले, त्याने उदास होणे हीदेखील कृतघ्नता ठरते! मग तो उदासी लपवितो. रोपणानंतर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधांनी झोप व मनःस्थिती बिघडू शकते, हे त्याला पुष्कळदा कोणी सांगितलेलेही नसते.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये यासाठी ठरल्या वेळी औषधे घ्यावी लागतात, तीही मूत्रपिंड टिकेतोवर. खचलेल्या रुग्णाकडून गोळ्या चुकतात आणि मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. त्यानंतर दात्यासमोर उभे राहण्याची लाज निराळीच.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचे लक्ष साहजिकच दात्याच्या संमतीवर आहे. रुग्णाच्या मनाची विचारपूस मात्र घर, शाळा व गाव यांच्यावर सोडलेली दिसते. तेथे काय घडते? रोपण झालेला शिक्षक कामावर परतताच सहकारी त्याचे तास काढून घेतात. हेतू चांगला असतो, पण तो आणखीच पंगू ठरतो. नातलग प्रत्येक पथ्यभंगाला दात्याच्या त्यागाची आठवण देतात. रुग्णाची चौकशी करावयाची असल्यास दात्याच्या गैरहजेरीत करावी. दाता शेजारी बसला असता ‘बरे आहे’ याखेरीज दुसरे उत्तर सहसा मिळत नाही.