घूस, उंदीर आणि साळींदर : कृंतक प्राण्यांची युद्धकला

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहाच्या कोठीत एकाच रात्री दोन पिंजरे लागले. एकात काळसर घूस होती, दुसऱ्यात लांब शेपटीचा घरउंदीर. सकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत मुलांत दोन तट पडले होते. एक तट घुशीचा, दुसरा उंदराचा. आणि दोघांस एकाच पिंजऱ्यात सोडून निकाल लावावा, एवढ्यापुरते मात्र उभय पक्षांचे एकमत होते. मी ती झुंज होऊ दिली नाही. मुले हिरमुसली. "सर, मग जिंकले कोण असते, ते तरी सांगा," असे एका धीट विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न रास्त होता. त्या वेळी दोन वाक्यांत दिलेले उत्तर येथे जरा विस्ताराने देतो.

उंदीर, घूस, खार, शेकरू आणि साळींदर हे सारे एकाच कुळातले. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या या वर्गास कृंतक म्हणतात. (चिचुंद्री त्यांत मोडत नाही, ती किडे खाणाऱ्यांच्या पंक्तीतली आहे, आणि वासाखेरीज तिचा उंदराशी फारसा संबंध नाही, असे म्हटल्यास ती रागावणार नाही.) या सर्वांचे मुख्य शस्त्र म्हणजे पुढील चार दात. मराठीत त्यांस पटाशीचे दात म्हणतात, ते अगदी यथार्थ आहे. दाताच्या केवळ पुढील बाजूस एनॅमलचे कठीण कवच असते. मागील भाग मऊ असल्याने लवकर झिजतो आणि धार आपोआप लागत राहते. दात जन्मभर वाढतात. सुताराची पटाशी बोथट होते, उंदराची होत नाही.

हे शस्त्र उंदीर कसे वापरतो, ते पाहण्यासारखे आहे. परक्या नराने हद्दीत पाऊल टाकले, की मालक केस फुलवितो, पाठीची कमान करून अंगाची एक बाजू पुढे करीत सरकत येतो आणि पाहुण्याच्या पाठीचा किंवा पुठ्ठ्याचा चावा घेऊ पाहतो. पाहुणा मागील पायांवर उभा राहून पुढील पंजांनी त्यास लोटतो. दोघे मुष्टियोद्ध्यांसारखे उभे दिसतात. परंतु पाहुण्याचा डाव एवढाच, की आपले तोंड सदैव शत्रूच्या तोंडासमोर ठेवावे म्हणजे पाठ वाचते. अगदीच थकला तर तो उताणा पडतो. ती शरणागती आहे असे पाहणाऱ्यास वाटते. वास्तविक ती पाठ झाकण्याची युक्ती होय. पुढे संधी मिळताच तो पळतो, आणि मालक बहुधा हद्दीपलीकडे फारसा पाठलाग करीत नाही.

ही पळण्याची वाटच बंद केली तर? एस. ए. बार्नेट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी रानटी उंदरांवर प्रयोग केले. त्यांचा 'द रॅट' हा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त जागेत परक्या नरास सोडले असता तो कित्येकदा मरे. आणि आश्चर्य असे, की काहींच्या अंगावर प्राणघातक म्हणावी अशी जखमही नसे. सारख्या छळानेच त्यांचा प्राण गेला. मोकळ्या शेतात तोच उंदीर दोन चावे खाऊन दुसऱ्या बिळात जगला असता. तेव्हा पिंजऱ्यातील झुंजीने शौर्याची परीक्षा होते, हा समज निराधार आहे. निसटणे हा ज्यांच्या युद्धकलेचा अर्धा भाग, त्यांचा तो अर्धा भाग आपण आधीच काढून घेतलेला असतो.

आता घुशीकडे वळू. इंग्रजीतील 'बँडिकूट' हे तिचे नाव तेलुगूतील 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, या शब्दावरून गेले आहे. मोठी घूस एक किलोहूनही अधिक भरते. लहान घूस त्या मानाने बरीच हलकी, पण स्वभावाने अधिक तिखट. डिवचली असता पाठीवरचे राठ केस उभे करून ती डुकरासारखी गुरगुरते. पिले असलेली मादी वगळता एका बिळात सहसा एकच घूस नांदते. तिला शेजार सोसत नाही. कोलकात्याच्या धान्यगोदामांत १९६० नंतरच्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा तेथे मुख्य वस्ती याच लहान घुशीची आढळली. मात्र हे राज्य केवळ दातांच्या बळावर मिळाले असे मी म्हणणार नाही. तिच्याइतके खणणारे दुसरे कोण आहे?

युरोपातही असेच घडले. अठराव्या शतकात तपकिरी उंदीर तेथे सर्वत्र पसरला. तो काळ्या घरउंदरापेक्षा वजनाने दुप्पट असू शकतो. काळा जमिनीवरून हटला. पण चढण्यात तो वरचढ असल्याने माळे आणि जहाजे त्याने बराच काळ सोडली नाहीत.

खारीचे युद्ध बहुतेक तोंडाचेच. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो तर संकट दिसताच फांदीला चिकटून निश्चल होतो.

या कुळातील खरा महारथी साळींदर होय. आपल्याकडील साळींदर अकरा ते अठरा किलो वजनाचे असते. ते काटे बाणासारखे फेकते ही समजूत खोटी आहे. प्रथम ते शेपटीवरील पोकळ काटे खुळखुळवून इशारा देते, पाय आपटते, घुरघुरते. शत्रू तरीही हटला नाही, तर एकाएकी पाठ फिरवून उलट्या पावली त्याच्यावर धावून जाते. काटे सैल बसविलेले असल्याने शत्रूच्या अंगात राहतात. जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँतील मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीची हकीकत १९५४ साली प्रसिद्ध केली. साळींदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला होता आणि पायात सुमारे पन्नास काटे रुतले होते. अशी पंगू झाल्यावर ती माणसांकडे वळली. म्हणजे जंगलातल्या त्या एका झटापटीचे मोल पुढे गावकऱ्यांनी मोजले.

पालकांस एक सूचना. पिंजऱ्यातील उंदरास मुलांनी हात लावू नये. चाव्याने ज्वर येऊ शकतो, आणि मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभव घेतला आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्टी लोकांनी मरीनंतर सोन्याचे पाच उंदीर घडवून पाठविल्याची कथा मुलांस ठाऊक आहेच.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर पहारेकऱ्याने जाड गोणपाटात धरून दोन्ही पिंजरे ओढ्यापलीकडील पडीक रानात नेले. मुले दहा पावलांवर उभी होती. उंदराचे दार उघडले मात्र, तो कोणत्या बाजूस गेला हेही कोणास दिसले नाही. घूस बाहेर आली ती थांबली. केस फुलवून, आम्हां सर्वांकडे तोंड करून ती गुरगुरली, आणि तशीच मागे मागे सरत घाणेरीच्या झुडपात शिरली. घुशीच्या तटातील मुलांनी टाळ्या वाजविल्या.