रूट कॅनालची भीती : गुरुवारच्या मंडळाने केलेला अभ्यास



विषय वाचून कोणी म्हणेल, पाठात दाढ कुठून आली? पण गेल्या वर्षभरात आमच्या इंदूरच्या गुरुवारच्या मंडळातल्या चौघींचं रूट कॅनाल झालं (हे टाइप करणारी त्यातलीच एक), आणि चौघीही दुखण्यापेक्षा भीतीनेच जास्त हैराण झालो. रोज पहाटे ध्यानाला बसणाऱ्या आम्ही, पण दवाखान्यातून अपॉइंटमेंटचा फोन आला की पोटात गोळा! म्हणून जे अनुभवलं, आणि डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून जे कळलं, ते एकत्र लिहून काढलं आहे. आम्ही डॉक्टर नाही. औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. हा पाठ भीतीचा आहे.

आधी आमची चूक सांगतो.

मंडळातल्या एका काकूंना, वय ६८, संक्रांतीला गुळाच्या पोळीचा घास घेताना खालच्या दाढेत सणक गेली. पुढे गार पाणी, गरम चहा, दोन्ही लागायला लागलं. होळीपर्यंत रात्रीचा ठणका सुरू झाला. आडवं झालं की तो वाढायचा, म्हणून बिचाऱ्या उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायच्या. कोणी लवंगेचं तेल सांगितलं, कोणी हळद-मीठ. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायच्या, "उत्सव होऊन जाऊ दे." मग रामनवमी झाली, नातवाची परीक्षा झाली, लग्नसराई आली. मे महिन्यात एक दिवस ठणका अचानक थांबला. काकूंनी गुरुवारी सगळ्यांना सांगितलं, आणि आम्ही काय केलं? हात जोडले, "कृपा झाली" म्हणालो, पेढे वाटले. दाढेतली कीड कुठे गेली, हे एकीनेही विचारलं नाही.

गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी प्रसादाच्या पुऱ्या लाटताना काकूंचा गाल लाडवासारखा सुजला. रात्री ताप. सकाळी तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना, थुंकी गिळताना त्रास. तरी त्या म्हणत होत्या, "आज सेवा आहे, उद्या जाऊ." सूनबाईंनी कोणाचंही न ऐकता तडक हॉस्पिटलात नेलं. पू काढावा लागला, शिरेतून औषधं द्यावी लागली. डॉक्टर म्हणाले, ही सूज गळ्याकडे उतरली तर श्वासच अडतो. त्या दिवशी आम्ही इकडे पंगती वाढत होतो आणि कोणाच्याच घशाखाली घास उतरत नव्हता. 'कृपा' हा शब्द आम्ही किती सहज वापरला होता!

तेव्हा डॉक्टरांनी समजावलं ते असं. दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड गरापर्यंत पोचली की तो सुजतो, पण चारी बाजूंनी दाताची टणक भिंत असल्यामुळे सुजायला जागाच नाही, म्हणून तो जीवघेणा ठणका. गर मेला की ठणका थांबतो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडाकडे उतरत राहतात. म्हणजे दुखायचं थांबलं ती दाढ बरी झालेली नसते, मेलेली असू शकते. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्याने थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरं; पण ते कीड काढत नाही, आणि जास्त लावलं तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवणाऱ्याही आमच्यात निघाल्या. ते अजिबात करू नका, तोंडात जखम होते. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मुहूर्त, उत्सव, पाहुणे काही बघायचं नाही. त्याच घडीला निघायचं.

आता काकू इतक्या का टाळत होत्या? लहानपणी त्यांची दाढ काढताना भूल नीट चढायच्या आतच दोघांनी हात धरले आणि दाढ उपटली होती. साठ वर्षं ती आठवण तशीच ताजी. आपल्या सगळ्यांच्याच घरी अशी एखादी गोष्ट असते, आजीची नाहीतर आत्याची. आज सर्रास वापरतात ते लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आलं. आज्यांच्या पुष्कळशा गोष्टी त्याच्या आधीच्या. त्या ऐकून आज घाबरायचं म्हणजे चुलीच्या धुराच्या आठवणीने गॅसच्या शेगडीसमोर डोळे चोळत बसायचं.

पण एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती लपवायची नाही. खूप सुजलेल्या, पू झालेल्या जागी भूल कमी लागते, कारण तिथल्या पेशींमध्ये आम्लता वाढलेली असते. तेव्हा दुखेल या भीतीने आपण जितकं लांबवतो, तितकी दुखण्याची शक्यता आपणच वाढवतो. आमच्या चौघींत जी सर्वांत लवकर गेली, तिला सुईची टोचणी सोडून काही कळलंही नाही. सर्वांत उशिरा काकू गेल्या, आणि सर्वांत जास्त त्रासही त्यांनाच झाला.

जाण्याआधीच्या काही गोष्टी. वेळ सकाळची घ्या. संध्याकाळची घेतली की दिवसभर तीच भीती चघळत बसतो आपण. उपाशी जाऊ नका. आपल्या बायकांना सवय, "आज दातांचं काम आहे, मग उपासच करून टाकते." नुसती जागा बधिर करून होणारं हे काम आहे, त्यासाठी पोट रिकामं ठेवावं लागत नाही. उलट रिकाम्या पोटी भीतीने चक्कर येते. पोहे खाऊन, दात घासून जा. मधुमेह असेल तर जेवणाची आणि गोळीची वेळ अजिबात चुकवू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, बीपी, हृदयाचा त्रास, कसली अ‍ॅलर्जी, सगळं डॉक्टरांना आधी सांगा, आणि कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आदल्या रात्री मोबाइलवर रूट कॅनालचे व्हिडिओ पाहू नका. आमच्यातल्या एकीने पाहिले आणि पहाटे तीनपर्यंत टक्क जागी राहिली.

पहिल्या खेपेला फक्त तपासणी आणि एक्स-रेसाठी गेलात तरी चालतं. किती खेपा लागतील, खर्च किती, काय काय जाणवेल, हे तोंड मोकळं असतानाच विचारून घ्या. खर्चाची भीती हीसुद्धा भीतीच आहे आणि ती बोलायला आपण लाजतो. आपल्याकडे शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येते.

घरी एक सराव आम्ही करून पाहिला, फार उपयोगी पडला. उताणं झोपायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि नाकाने श्वास घ्यायचा. आत घेताना मनात चारपर्यंत मोजायचं, सोडताना सहापर्यंत. पहिल्या दिवशी दोन मिनिटंही जमत नाही, गुदमरल्यासारखं होतं. चार-पाच दिवसांत जमतं. खुर्चीत निम्मी घाबरगुंडी याचीच असते, की तोंड उघडं, पाणी उडतंय, आता श्वास कसा घेऊ?

आता खुर्चीत. सुई देताना टोचतं, थोडं दाबल्यासारखं वाटतं. डोळे मिटून श्वास लांब सोडायचा. खालच्या दाढेची भूल असेल तर अर्धा ओठ आणि जीभ जड होते. ओठ सुजला असं वाटतं, पण आरशात बघितलं तर तसाच असतो. आणि हे नक्की लक्षात ठेवा : त्या औषधात बरेचदा अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे सुईनंतर छातीत धडधड होऊ शकते, हात थरथरतात. आमच्यातल्या एकीला वाटलं हार्ट अटॅक आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "औषधामुळे आहे, दोन-चार मिनिटांत कमी होईल," आणि झालंही. आधी माहीत असतं तर घाम फुटला नसता. पण धडधड झाली की डॉक्टरांना सांगायचं जरूर, मनातल्या मनात ठेवायचं नाही.

मग दाढेवर रबराचा पातळ पडदा लावतात, म्हणजे औषध किंवा कचरा घशात जात नाही. मशीनचा आवाज येतो, डोक्यात घुमतो, पण आवाज म्हणजे दुखणं नाही. मन मात्र दोन्ही एकच धरतं, त्यासाठी एका ताईंनी कानात भजन लावलं होतं. मग बारीक सुयांसारख्या फाइलींनी मुळांच्या नळ्या साफ करतात, औषधाने धुतात (कपड्यांच्या ब्लीचसारखा वास येतो, घाबरू नका, तेच असतं). शेवटी नळ्यांत गटापर्चा भरतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मध्ये १८५१ साली समुद्राखालून जी तार टाकली, तिलाही याच चिकाचं आवरण होतं. आपल्या दाढेत तीच वस्तू बसते, याची आम्हाला फार गंमत वाटली.

आता सर्वांत महत्त्वाचं. काम सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांशी ठरवून घ्या : "मी डावा हात वर केला की थांबायचं." आणि खरंच दुखलं तर हात वर करा! इथे आपली मोठी अडचण आहे. सहन करायचं, तोंडातून हूं काढायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यात साधना करणाऱ्या, म्हणजे तितिक्षा दाखवायची! काकूंनी पहिल्या खेपेला तेच केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात खुर्चीला घट्ट. डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या जरा रागावल्याच, "काकू, मला सांगितल्याशिवाय कसं कळणार? भूल अजून देता येते." मग त्यांनी दाताच्या आतच थोडं औषध दिलं. क्षणभर झोंबलं आणि दुखणं बंद. जे टाळता येत नाही ते सोसायचं, ती तितिक्षा. हात वर करून थांबणारी कळ सोसत बसणं हा आपला हट्ट झाला.

नामाचं काय, असं बऱ्याच जणींनी विचारलं. जरूर घ्या, मनातल्या मनात, श्वासाच्या लयीत. (एकीने उघड्या तोंडाने म्हणायचा प्रयत्न केला, डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय!) उजव्या हातात माळ ठेवा, डावा हात खुणेसाठी मोकळा. बोटांना काम मिळालं की खुर्ची घट्ट धरायचं ती विसरतात. काकूंची एक माळ साधारण सहा मिनिटांत होते. दुसऱ्या खेपेनंतर बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "आज सात माळा लागल्या." "कधी संपणार, कधी संपणार" याला असं मोजमाप मिळालं आणि त्यांचा चेहराच बदलला.

घरी आल्यावर बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे दोन-चार तास, चावून काही खायचं नाही. गाल-जीभ चावली जाते आणि कळतही नाही. पुढे दोन-चार दिवस चावताना दुखरं वाटतं, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायची. दुखणं वाढत गेलं किंवा सूज आली तर फोन करायचा, लाजायचं नाही. आणि डॉक्टरांनी कॅप सांगितली असेल तर "आता दुखत नाही ना" म्हणून सोडून देऊ नका, अशी दाढ चावताना तुटू शकते.

काकूंची कॅप मागच्या शुक्रवारी बसली. तिसऱ्या खेपेला त्या एकट्या रिक्षाने गेल्या, सूनबाईंनासुद्धा नेलं नाही. आता मंडळातल्या ज्यांना एकटीला जायची भीती वाटते, त्यांच्यासोबत काकू आणि आमच्यातल्या आणखी दोघी जायला तयार आहेत. मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी. ग्रुपवर लिहायला संकोच वाटत असेल तर आमच्यापैकी कोणालाही वेगळा निरोप पाठवा. फक्त एकादशीची वेळ घेऊ नका.