ड्रमसेटला माईक लावताना : एक दोरी आणि नववीचा ध्वनीचा पाठ



आपल्या सोलापुरात गणपतीची मिरवणूक म्हणजे लेझीम आणि हलगी. गल्लीच्या टोकाला उभं राहून पाहा. हलगीवर काडी पडलेली आधी दिसते, आवाज थोडा मागाहून येतो. १०० मीटरवर हा फरक सेकंदाच्या पावपेक्षा जास्त असतो. प्रकाश तात्काळ पोहोचतो, ध्वनीला मात्र वेळ लागतो. आजचा पाठ एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.

आता बरीच मुलं ड्रमसेट शिकतात आणि घरच्या खोलीतच रेकॉर्डिंग करतात. सेट मोठा असतो : बास ड्रम, स्नेअर, तीन टॉम, हाय-हॅट, दोन-तीन मोठ्या झांजा. मग वाटतं, जितके नग तितके माईक हवेत. पालक खर्च करतात, सात-आठ माईक लागतात आणि ऐकायला बसावं तर आवाज पातळ, पोकळ. मुलाला वाटतं, आपलाच हात हलका पडतोय. बहुतेक वेळा हात बरोबर असतो, गडबड अंतराची असते.

गणित काय आहे?

हवेत ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. शून्य अंशाला तो सेकंदाला साधारण ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे ०.६ मीटरने वाढतो. आपल्याकडे खोलीत ३२ अंश धरले तर सुमारे ३५० मीटर. म्हणजे एका मिलिसेकंदात ३५ सेंटिमीटर.

समजा एक माईक स्नेअरपासून १०० सेंमीवर आहे आणि दुसरा १३५ सेंमीवर. एकच ठोका दुसऱ्या माईकला १ मिलिसेकंद उशिरा पोहोचेल. दोन्ही आवाज एकत्र केले की ५०० हर्ट्झची लाट एका माईकमध्ये वर आणि दुसऱ्यात खाली असते. दोघी एकमेकींना खोडतात. १५०० आणि २५०० हर्ट्झलाही तेच होतं. स्नेअरचा भरीवपणा इथेच हरवतो. प्रत्येक नवा माईक आवाजाबरोबर असा एक वेळेचा फरकही घेऊन येतो, हे मुलांच्या मनावर ठसवा.

कृती

१. आधी खोली. स्लॅब, फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. सेटखाली जाड सतरंजी घाला. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगा. झांजांचा किणकिणाट कमी होईल. चादर बास ड्रमचा घुमारा शोषत नाही आणि आवाज शेजारी जाण्यापासून अडवतही नाही, हेही लक्षात ठेवा.

२. मग दोन माईक. एक माईक स्नेअरच्या बरोबर वर, साधारण एक मीटर उंच. दुसरा वाजवणाऱ्याच्या उजवीकडे, फ्लोअर टॉमच्या कडेपासून वीतभर उंच, तोंड स्नेअरकडे. दोरीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, पहिल्या माईकपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा. त्याच गाठीवर दुसरा माईक आला पाहिजे. अंतर सारखं झालं की स्नेअरचा ठोका दोन्हीकडे एकाच क्षणी पोहोचतो.

३. तिसरा बास ड्रमला. पुढच्या हेडला भोक असेल तर माईक तिथे ठेवा. आत बीटरकडे सरकवला तर टकटक वाढते, बाहेर काढला तर गोलाई.

४. चौथा स्नेअरला. कडेपासून तीन-चार सेंमी वर, मध्याकडे तिरका, पाठ हाय-हॅटकडे. साधा कार्डिऑइड माईक पाठीमागचं कमी ऐकतो, त्याचा इथे उपयोग होतो.

एवढ्यावर थांबा आणि ऐका. टॉम खरंच कमी पडत असेल तरच त्याला माईक लावा. माईक टॉमपासून ५ सेंमीवर असेल तर शेजारचा माईक त्याच्यापासून किमान तिप्पट, म्हणजे १५ सेंमी दूर ठेवावा.

चार माईकांची ही पद्धत इंग्लंडचे ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाते. १९६८ मध्ये लेड झेपेलिनचा पहिला अल्बम त्यांनीच ध्वनिमुद्रित केला. मुंबईच्या सिनेसंगीतातही अनेक वर्षं मोजक्याच माईकांवर अख्खा वाद्यवृंद घेतला जायचा. कोण माईकजवळ बसणार आणि कोण लांब, यावर आवाजाचा तोल ठरायचा.

बरोबर जमलं का, कसं कळेल?

सगळे माईक मोनोमध्ये एकत्र ऐका. मग एकेका माईकचं फेज उलटवायचं बटण दाबून पाहा. ज्या स्थितीत आवाज जास्त भरीव वाटेल, ती ठेवा. स्नेअरला खालूनही माईक लावला असेल तर तो बहुधा उलटवावाच लागतो. काडी पडली की वरचं हेड वरच्या माईकपासून दूर जातं आणि खालचं हेड खालच्या माईककडे येतं. हे 'का' मुलांनाच शोधू द्या.

पालकांसाठी दोन गोष्टी

लहान खोलीत ड्रमचा आवाज सहज १०० डेसिबलपुढे जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. म्हणून माईकच्या आधी कानाचे संरक्षक घ्या. बिघडलेलं रेकॉर्डिंग पुन्हा करता येतं, कान पुन्हा मिळत नाहीत. आणि शेजाऱ्यांचाही विचार करा : निवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

शाळेत करून पाहा

ड्रमसेट नसला तरी चालेल. हलगी किंवा डबा घ्या आणि दोन मोबाईल. एक अर्ध्या मीटरवर, दुसरा तीन मीटरवर ठेवून एकच ठेका रेकॉर्ड करा. मोबाईल आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो, म्हणून मोठा-लहान आवाज तुलनेला घेऊ नका. खोलीचा घुमारा कुठे जास्त आहे ते ऐकायला सांगा. मग विचारा :

• तीन मीटरवर आवाज किती मिलिसेकंद उशिरा पोहोचला?
• मे महिन्यात ४२ अंशाला आणि डिसेंबरच्या पहाटे १५ अंशाला उत्तर सारखंच येईल का?
• दोन माईकांत ७० सेंमीचा फरक असेल तर सर्वात आधी कोणती वारंवारता खोडली जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर २५० हर्ट्झ. पण ते लगेच सांगू नका. दोरी आणि मीटरपट्टी मुलांच्या हातात द्या, ती काढतील.