परसबागेतील डांगर : पहिल्या वेलाचा धडा

आपल्या अनेक सभासदांच्या घरामागे दोन-चार हात जागा मोकळी असते. विद्यार्थी मित्रांनी तिथे पहिल्यांदाच भाजी लावायची ठरविली, तर मी लाल भोपळा, म्हणजे आपल्याकडचे डांगर सुचवीन. (उडदाचे डांगर निराळे!) हे पीक मूळचे अमेरिका खंडातले, पण आता ते परके वाटत नाही.

'आळे करून बी टोकावे' असे सांगण्याची पद्धत आहे. उन्हाळी लागवडीला ते ठीक. परंतु त्र्यंबकेश्वरचा पाऊस नाशिक शहरापेक्षा कितीतरी अधिक. जुलैत आळ्याचे डबके होते, मूळ कुजते आणि वेल मान टाकतो. म्हणून पावसाळ्यात येथे खड्डा न करता उंचवटा करावा. तो वीतभर उंच व दोन हात रुंद असावा आणि मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. रात्रभर भिजविलेल्या ३ बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोकाव्यात. साधारण आठवड्यात त्या उगवतात. पुढे एक जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटल्यास राखलेल्या रोपाचे मूळ हलते.

खरी परीक्षा फुलोऱ्याच्या वेळी होते. पहिल्या वर्षी माझ्या वेलाला पंधरा दिवस नुसती फुले आली आणि गळाली. वेल वांझ आहे असे समजून मी तो कापून टाकला. ती माझी चूक होती. डांगराला आधी नरफुले येतात, मादीफुले मागाहून. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, नरफुलाचा देठ लांब व सडसडीत असतो. दोन्ही एकाच वेलावर येतात.

मादीफुले आल्यावरही फळे पिवळी पडून गळतात. फुल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही, आणि झडीच्या दिवसांत मधमाशा बाहेर पडत नाहीत. तेव्हा हे काम आपणच करावे. आदल्या संध्याकाळी उमलण्याच्या बेतात आलेल्या, पिवळसर झालेल्या दोन्ही कळ्यांची तोंडे दोऱ्याने सैल बांधावीत, म्हणजे पराग भिजत नाहीत. सकाळी ९ च्या आत नरफुल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात व पिवळी भुकटी मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवावी. मादीफुल पुन्हा बांधावे. जास्तीच्या नरफुलांची भजी करावीत. ती घरातल्यांना आवडतात, आणि बागेचे महत्त्वही पटते!

धरलेल्या कोवळ्या फळाला कागदी पिशवी घालावी, नाहीतर फळमाशी आत अंडी घालते. पाऊस पिशवी भिजवतो, ती बदलावी लागते. फळ ओल्या मातीवर टेकू देऊ नये, खाली कौलाचा तुकडा ठेवावा.

कोवळे फळ भाजीला केव्हाही चालते. साठवायचे असेल तर देठ वाळेपर्यंत आणि सालीत नख रुतेनासे होईपर्यंत थांबावे, व काढताना थोडा देठ फळालाच ठेवावा.