परदेशी मदत, गावचं पाणी आणि आपला हिशेब



ऊस, खत, तोडणी आणि वाहतूक हे आपले नेहमीचे विषय. या वेळी आम्ही जरा निराळा विषय घेतला आहे. पण तो परका नाही. आपल्या कार्यक्षेत्रातल्या बहुतेक गावांत पाण्याची एखादी टाकी, एखादा हातपंप किंवा एखादी नळयोजना अशी असते, की तिच्यामागे कधी ना कधी बाहेरच्या देशाचा किंवा जागतिक संस्थेचा पैसा लागलेला असतो. काही ठिकाणी ती योजना वीस वर्षं पाणी देते. काही ठिकाणी उद्घाटनाचा हार सुकायच्या आत बंद पडते. पैसा दोन्हीकडे सारखाच आला असेल, मग फरक पडतो कुठे? या प्रश्नाचा अभ्यास तीन खऱ्या उदाहरणांवरून करू आणि शेवटी आपल्या गावाचा हिशेब मांडू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. परदेशी मदत म्हटली की फुकटचा पैसा, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. मदत दोन प्रकारची असते. एक अनुदान, म्हणजे परत न करायचा पैसा किंवा यंत्रसामग्री. दुसरं सवलतीचं कर्ज. त्याला व्याज कमी आणि मुदत लांब, पण ते फेडावं लागतंच. सरकार फेडतं म्हणजे शेवटी आपणच फेडतो. म्हणून अशा पैशातली टाकी गळाली तर नुकसान परदेशी साहेबाचं नाही, ते आपलंच आहे.

पहिला धडा : पंप आला, पण दुरुस्ती आली नाही

१९६६-६७ साली बिहार आणि उत्तर प्रदेशात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. तेव्हा युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेनं कठीण खडकात भोक पाडणारी यंत्रं भारतात आणली. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात जे भोक पाडायला पहारीनं महिने लागत, ते ही यंत्रं फार थोड्या वेळात पाडू लागली. १९७२ चा दुष्काळ आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना चांगला आठवत असेल. त्या काळात महाराष्ट्रातही बोअरची कामं वाढली.

भोकं झाली, त्यावर हातपंप बसले. पण हे पंप बिडाचे होते आणि त्यांचा नमुना मुळात परदेशातल्या शेतघरासाठी केलेला होता. एका कुटुंबानं दिवसातून चार-दोन बादल्या काढाव्यात, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे त्याच दांड्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खी वस्ती लोंबकळू लागली. पिना झिजल्या, दांडे मोडले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफनं पाहणी केली, तेव्हा चारातले तीन पंप बंद आढळले. म्हणजे जमिनीत पाणी आहे, बोअर आहे, खर्चही झालाय, आणि बाई मात्र घागर घेऊन पुन्हा जुन्या आडावर.

याचं उत्तर कुठं सापडलं? परदेशात नाही, आपल्या मराठी मुलखात. जालन्याच्या मिशनमध्ये आणि पुढे सोलापुरात काही कारागिरांनी बिडाऐवजी पोलादाचा पंप केला. अनेक पिनांच्या जागी एकच मजबूत सांधा बसवला. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी जोडली, त्यामुळे आतली सळई सरळ रेषेत वरखाली होऊ लागली आणि झीज कमी झाली. हे सोलापुरी तत्त्व धरून भारत सरकार, युनिसेफ आणि आपले अभियंते यांनी मिळून नवा पंप तयार केला. त्याच्या चाचण्या तामिळनाडूत कोईमतूरच्या बाजूला खोल बोअरवर झाल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. हाच तो 'इंडिया मार्क दोन'. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही हा पंप पाणी देतो.

नंतर 'मार्क तीन' आला. त्याच्यात पाइप मोठ्या व्यासाचा ठेवला. त्यामुळे सगळी पाइपलाइन वर न ओढता नुसता दट्ट्या बाहेर काढता येतो. कारण उघड आहे. वायसर बदलायला तालुक्याहून गाडी आणि पाच माणसं यायची, तोवर महिना जायचा. आता गावातली दोन शिकलेली माणसं किंवा बायासुद्धा ते काम करू शकतात.

धडा असा, की मदतीत यंत्र येतं, पण ते वापरणारा कोण, दिवसाला किती वापरणार आणि मोडलं तर कोण, कशानं, किती दिवसांत दुरुस्त करणार, हे आधी ठरवावं लागतं. आपल्या कारखान्यात गळीत संपल्यावर ओव्हरहॉलिंग न करता पुढचा हंगाम कोणी सुरू करील काय? मग गावच्या पंपालाच तेवढी दुरुस्ती नको, असं कसं चालेल?

दुसरा धडा : पाणी आलं, पण तपासलं नाही

शेजारच्या बांगलादेशात माणसं पूर्वी तळ्यांचं आणि नद्यांचं पाणी पीत. हगवण आणि पटकीनं लहान मुलं दगावत. म्हणून १९७० नंतर तिथल्या सरकारनं युनिसेफच्या मदतीनं कूपनलिका बसवायला सुरुवात केली. जमिनीखालचं पाणी जंतूंपासून सुरक्षित, ही समजूत बरोबर होती. हेतू चांगला होता, काम वेगानं झालं, आणि लोकांना ते इतकं पटलं की त्यांनी स्वतःच्या पैशानंही लाखो नळ्या घेतल्या.

पण तिथल्या गाळाच्या थरांत नैसर्गिकपणे आर्सेनिक, म्हणजे सोमल होतं. पाण्याच्या त्या वेळच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक बघायची रीतच नव्हती. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पीत राहिल्यावर अंगावर काळे डाग उठतात, तळहात-तळपाय खरबरीत होतात आणि पुढे कर्करोगापर्यंत मजल जाते. शेजारच्या पश्चिम बंगालात असे रोगी १९८३ साली ओळखले गेले. बांगलादेशच्या विहिरींत आर्सेनिक असल्याचं १९९३ साली निश्चित झालं. पुढे सुमारे पन्नास लाख नळ्या तपासाव्या लागल्या. सुरक्षित नळीला हिरवा आणि धोक्याच्या नळीला तांबडा रंग दिला. तांबड्या निघाल्या त्या जवळजवळ चौदा लाख.

आपल्या काळ्या पाषाणात आर्सेनिकचा तसा प्रश्न नाही. पण आपले प्रश्न वेगळे आहेत. राज्याच्या काही भागांत, विशेषतः पूर्व विदर्भात, पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं दात आणि हाडं बिघडतात. आणि आपल्या बागायती पट्ट्यात आहे नायट्रेट. उसाला आपण युरियाची पोती टाकतो, वर पाटानं भरपूर पाणी सोडतो. पिकानं न उचललेलं नत्र त्या पाण्याबरोबर खाली उतरतं आणि विहिरीत येतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे गेलं तर सगळ्यांत जास्त धोका बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं ते दाट होतं. हे घरातल्या मंडळींना जरूर सांगावं.

तेव्हा नवी योजना घ्यायच्या आधीच पाणी प्रयोगशाळेत द्यावं. नुसतं जंतूंसाठी नव्हे, क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेट यांसाठीही. आणि एकदा तपासून गप्प बसू नये. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा नमुना गेलाच पाहिजे.

तिसरा धडा : आधी गावाची मागणी, मग पैसा

जुन्या पद्धतीत आराखडा वर तयार व्हायचा आणि टाकी खाली यायची. कुठल्या आळीला नळ हवा, उंचावरच्या वस्तीला पाणी चढतं की नाही, हे विचारायला कोणी यायचं नाही. त्यामुळे टाकी सरकारची, बिघाडही सरकारचा, आणि पाणीपट्टी द्यायची कशाला, असा सगळा मामला झाला होता.

ही रीत बदलण्याचा मोठा प्रयत्न आपल्या राज्यात झाला तो 'जलस्वराज्य' प्रकल्पात. जागतिक बँकेनं २००३ साली त्यासाठी सुमारे १८ कोटी डॉलरचं सवलतीचं कर्ज मंजूर केलं आणि २६ जिल्ह्यांत हे काम २००९ पर्यंत चाललं. त्याच सुमारास जर्मन बँकेच्या मदतीनं पुणे, अहमदनगर आणि औरंगाबाद या जिल्ह्यांत 'आपलं पाणी' हा कार्यक्रम झाला. (या दोन जिल्ह्यांची नावं आता अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर आहेत.)

जलस्वराज्यात गावानं आधी ग्रामसभेत मागणी करायची. भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा लोकवर्गणीतून, आदिवासी भागात पाच टक्के. पाणी समितीत निम्म्या बायका. पैसा हप्त्याहप्त्यानं गावाच्या खात्यावर. आणि खर्च तपासायला गावातलीच सामाजिक लेखापरीक्षण समिती.

दहा टक्क्यांवर त्या वेळी बरीच कुरकुर झाली. पण सभासदांनी आपला इतिहास आठवावा. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांनी आधी शेअरचे पैसे उभे केले म्हणून. कर्ज मागून आलं. ज्याचा शेअर असतो तोच सर्वसाधारण सभेत उभा राहून प्रश्न विचारतो. पाण्याच्या योजनेतही तेच. मात्र एक धोका ध्यानात ठेवा. काही वेळा ठेकेदारच गावाची वर्गणी भरून टाकतो. मग कागदावर दहा टक्के दिसतात, पण विचारण्याचा हक्क मात्र ठेकेदारानं विकत घेतलेला असतो.

आता आपला हिशेब

समजा गावची वस्ती २,००० आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे गावाला रोज १,१०,००० लिटर पाणी लागतं.

आता उसाकडे बघू. पाटानं एक पाळी दिली आणि शेतात साडेसात सेंटिमीटर पाणी बसलं असं धरलं, तर एका एकराला तीन लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकराच्या एका पाळीत सगळ्या गावाचं जवळजवळ पावणेतीन दिवसांचं पिण्याचं पाणी. वर्षाला अशा पंचवीस पाळ्या धरा. एका एकराच्या पाण्यात गाव दोन महिन्यांहून जास्त जगतं.

हे ऊस लावू नका म्हणून सांगत नाही. ऊस ही आपली भाकरी आहे. पण गावच्या पिण्याच्या विहिरीशेजारी आपण खोल बोअर मारला, तर जागतिक बँकेनं दिलेली टाकीसुद्धा कोरडी राहणार. म्हणूनच १९९३ च्या कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी घातली, आणि नंतरच्या २००९ च्या भूजल कायद्यातही स्रोताच्या संरक्षणाची तरतूद आहे. कायदा आहेच, पण अंमल शेजाऱ्यानंच करायचा असतो. ठिबक केलं तर पाणी वाचतं, आणि खत मुळाशी गेल्यानं नायट्रेटही कमी उतरतं. एका कामात दोन फायदे.

दुसरा हिशेब चालवण्याच्या खर्चाचा. मदतीचा पैसा योजना बांधायला मिळतो, चालवायला सहसा मिळत नाही. वरच्या गावाचं पाणी ४० मीटर चढवायचं आणि पंप अर्ध्या कार्यक्षमतेनं चालतो असं धरलं, तर रोज साधारण २४ युनिट वीज लागते, महिन्याला ७२० युनिट. युनिट सात रुपये धरलं तर सुमारे ५,००० रुपये. पाणी सोडणाऱ्या कामगाराला ८,०००, टीसीएल पावडर आणि तपासणीला १,०००, आणि मोटार जळाली तर हाताशी असावेत म्हणून दरमहा ४,००० बाजूला. एकूण १८,०००. घरं ४०० असली तर घरटी महिना ४५ रुपये. हे आकडे आम्ही नमुन्यादाखल धरले आहेत. आपल्या गावचे आकडे घालून हीच बेरीज पाणी समितीनं फळ्यावर लिहावी. निम्म्याच घरांनी पाणीपट्टी भरली तर बाकीच्यांवर ९० रुपये पडतात, आणि मग तेही थांबतात. योजना अशी बंद पडते.

टीसीएलचं मापही सांगून ठेवतो. चांगल्या पावडरीची हजार लिटरला अडीच ग्रॅम मात्रा धरतात. वरच्या गावाला रोज सुमारे पावणेतीनशे ग्रॅम, महिन्याला आठ-सव्वाआठ किलो. पावडर उघड्या पोत्यात ठेवली तर क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. आणि शेवटच्या नळावर ओ.टी. टेस्ट केलीच पाहिजे. टाकीजवळच्या नळावर करून वहीत सही ठोकणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

येत्या ग्रामसभेत प्रत्येक सभासदानं एवढे पाच प्रश्न विचारावेत.

१. आपल्या योजनेचा पैसा अनुदान आहे की कर्ज, आणि गावाचा वाटा खरोखर कोणी भरला?
२. पाण्याचा शेवटचा नमुना कधी गेला, आणि नायट्रेट किती निघालं?
३. मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं, आणि तिच्या ५०० मीटरच्या आत नवे बोअर किती झाले?
४. पंप बिघडला तर किती दिवसांत सुरू होतो, आणि दुरुस्तीनिधीत आज शिल्लक किती?
५. शेवटच्या घराला, उंचावरच्या वस्तीला पाणी पोचतं का? हे पुरुषांनी सांगू नये. घागर भरणाऱ्या बाईला बोलू द्यावं.

या पाचांची उत्तरं ज्या गावाकडे आहेत, त्या गावाला परदेशी मदत आली तरी फायदा आणि न आली तरी फारसं अडत नाही. ज्या गावाकडे ती नाहीत, तिथं कितीही डॉलर ओतले तरी टाकी रिकामीच राहील. पाण्याचा नमुना द्यायची बाटली तालुक्याच्या प्रयोगशाळेत मिळते. या आठवड्यात ती आणायला आपल्यापैकी कोण जाणार, एवढं ग्रामसभेआधीच ठरवून टाका.